मागच्या अंगणात स्टुडिओ बांधायचाय : पत्रा की कौलं?

निळीशाई
मंडळी, सल्ला हवाय. बडोद्यात मांजलपूरला आमचं सासऱ्यांनी बांधलेलं बसकं घर आहे. मागे अंगण, अंगणात एक आंबा, कपड्यांची तार आणि "कधीतरी लागेल" म्हणून अकरा वर्षं ठेवलेला पाण्याच्या टाकीचा सांगाडा. तो गेल्या आठवड्यात भंगारात दिला. आता तिथे बारा बाय सोळा फुटांची मोकळी जागा झाली आहे आणि मला तिथे स्टुडिओ हवाय.

मी लिनोकट करते (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचे ठसे काढायचे), सध्या जेवणाच्या टेबलावर. पोळीच्या डब्याला काळी शाई लागली की घरात काय होतं ते इथे लिहीत नाही. त्यात मला हाताने फिरवायचं एक जुनं छपाईचं यंत्र मिळालंय. वजन तीनशे किलोच्या आसपास. ते पडवीत ताडपत्रीखाली आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा "हे काय, उसाचा रस काढता का?" असं विचारतो.

बजेट अडीच लाख. एका कंत्राटदाराने साडेचार सांगितले आणि वर म्हणाला, "मॅडम, पत्र्याची शेड करा, दोन दिवसांत उभी." मला शेड नकोय. मला अशी खोली हवी की आत गेल्यावर काम करावंसं वाटेल. शक्य तेवढं आम्हीच करणार आहोत : मी, अहो (पाठ दुखते) आणि कॉलेजातला मुलगा (सकाळी अकरापर्यंत झोपतो).

पहिला प्रश्न साधा आहे. छपराला पत्रा की कौलं? अहो पत्रा म्हणतात, मी कौलं.

शेवउसळ_डबल_तर्री
पहिला! आधी कौलं लावा. मग आंब्यावर वानरं येतील. मग पत्रा लावा. दोन्हींचा खर्च धरून चला. :)

कौलारू
माझं मत कौलांना. पत्र्यावर पाऊस पडला की ढोलताशाच्या सरावाला बसल्यासारखं वाटतं. लहानपणी आजोळी कौलांत एक काचेचं कौल होतं. त्यातून येणारा उन्हाचा कवडसा जमिनीवरून सरकत सरकत दुपारी देव्हाऱ्यापाशी पोचला की आजी चहाला आधण ठेवायची. घड्याळ बघितलेलं मला आठवत नाही. ताई, एक काचेचं कौल नक्की लावा.

चुनखडी
छपराचं भांडण नंतर करू. आधी खाली बघा. उन्हाळ्यात अंगणाला भेगा पडतात का? बोट जाईल एवढ्या?

निळीशाई
बोट? सासूबाईंची जपमाळ गेली होती एकीत.

चुनखडी
मग ती काळी माती. चाळीस वर्षं बांधकामात घालवली, त्यातली निम्मी या मातीशी भांडण्यात. पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. वरची भिंत हलकी असेल तर फुगणारी माती तिला सरळ वर उचलते, आणि एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. म्हणून भेगा तिरक्या जातात, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर. "छोटीशी तर खोली आहे, दोन फूट पाया पुरे" असं कडिया (गवंडी) म्हणेल. ऐकू नका. मोठं घर निदान आपल्या वजनाने माती दाबून धरतं, छोट्या खोलीला तेही जमत नाही.

रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने या मातीसाठी 'अंडर-रीम्ड पाइल' काढले. खाली कांद्यासारखा फुगीर भाग असलेला काँक्रीटचा खांब, मोसमी ओल-कोरडेपणा जिथे पोचत नाही तिथपर्यंत, साधारण साडेतीन मीटर खोल. हाताने फिरवायच्या ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, भोकं पाडता येतात. तुमच्या मापाला सहा पुरतील, पण आकडा इंजिनिअरकडून पक्का करून घ्या. वर बांधायची तुळई जमिनीपासून तीन-चार इंच अधांतरी ठेवा, म्हणजे मातीला फुगायला जागा राहते. तीनशे किलोच्या यंत्राखाली वेगळा ठोकळा करा, भिंतीला न जोडलेला.

आणखी दोन गोष्टी. आंब्यापासून जमेल तेवढं लांब सरका, मुळं उन्हाळ्यात पाणी ओढतात तिथे माती जास्त बसते. आणि खोलीभोवती तीन फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा.

परवानगीचंही आधी बघा. कुंपणभिंतीला टेकवून बांधू नका, मार्जिन, म्हणजे हद्दीलगतची मोकळी जागा, सोडावं लागतं. "तात्पुरतं आहे हो" हे उत्तर महापालिकेत चालत नाही. आर्किटेक्टला पाच हजार देऊन नकाशा तपासून घेतलेला बरा.

राजवाड्यामागे
काकांना अनुमोदन. आम्ही इंदूरला, म्हणजे सगळा माळवाच काळ्या मातीचा. मी २०१७ मध्ये मागे मुलीच्या नाचासाठी एक खोली काढली होती. पाया दोन फूट. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीत अशी फट की बाहेरचं मांजर आतल्या मांजराशी बोलायचं. आता तिथे कुंड्या असतात. नाच गच्चीत.

पाणीपातळी
बडोद्यात जोत्याची उंची कोणी काढली नाही याचं नवल वाटतं. आम्ही अकोट्याला. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस झाला तेव्हा वाटलं, असं आयुष्यात एकदाच होतं. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि तळमजल्यावर साडेचार फूट पाणी तीन दिवस उभं राहिलं. नवऱ्याची तीस वर्षांची पाण्याच्या रंगातली चित्रं खालच्या कप्प्यात होती. पाण्याच्या रंगातली, आणि पाण्यात. त्यावर आम्ही आता हसतो. तेव्हा नाही हसलो.

निळीशाई ताई, मांजलपूरला तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि जोतं त्याच्या एक फूट वर घ्या. विजेची बटणं आणि सॉकेट चार फुटांवर. कागदाचे कप्पे खांद्याच्या वर. भिंतीला आतून प्लायवूड किंवा जिप्समचे बोर्ड लावू नका, पाणी ओसरल्यावर ते पापडासारखे फुगून येतात. चुन्याचा गिलावा परत वाळतो.

शेवउसळ_डबल_तर्री
आणि दाराला आतून कडी ठेवा. पुरानंतर विश्वामित्रीतली मगर मॉडेल म्हणून बसायला आली तर?

पाणीपातळी
भाऊ, आमच्या मागच्या गल्लीतून वनखात्याने खरोखर एक नेली होती. सात फुटांची. विनोद आवडला, पण जरा लांबून आवडला.

सुतारपक्षी
मी वेगळं सांगतो. भिंती-छपरात पैसे घालायच्या आधी खिडक्या-दारं विकत घ्या. शहराबाहेर जुन्या इमारतीचं सामान विकणारी गोदामं असतात. सागाची चौकट, जाड काच, पितळी कडीकोयंडे, सगळं नव्या ॲल्युमिनियमच्या खिडकीपेक्षा स्वस्त. मी माझी सुतारकामाची खोली अशीच केली. आधी एक सहा बाय पाचची खिडकी घेतली, महिनाभर अंगणात आंब्याला टेकवून ठेवली, खुर्ची टाकून तिच्यासमोर बसलो आणि मग खोली तिच्याभोवती काढली. लोक आले की भिंतींकडे कोणी बघत नाही, सगळे खिडकीपाशी जातात.

घेताना टाचणी लाकडात खुपसून बघा. सहज गेली तर वाळवी आहे, परत फिरा. चौकटीचे कर्ण मोजा, दोन्ही सारखे नसतील तर चौकट वाकलेली.

दांडियाबाजार
सुतारपक्षी, हे वाचून पोटात कालवलं. ती "जुन्या इमारतीची" खिडकी म्हणजे कोणाचा तरी वाडा असतो. आमच्या गल्लीतले पाच वाडे माझ्या डोळ्यांसमोर गेले. कोरीव खांब, हस्त (तुळईखालचे लाकडी आधार), तक्तपोशी (लाकडी छत), सगळं ट्रकमध्ये. हौशी लोक चांगला भाव देतात म्हणूनच ते पाडणं परवडतं. तुमचा स्टुडिओ सुंदर दिसतो कारण कोणाचं तरी घर उघडं पडलं.

सुतारपक्षी
वाडा पडतो तो जमिनीच्या भावामुळे आणि चौदा वारसदारांमुळे. माझ्या खिडकीच्या चार हजारांमुळे नाही. मी घेतली नसती तर ती हलवायाच्या भट्टीत गेली असती.

दांडियाबाजार
असेल. मग निदान कोरीव काम घेऊ नका. साधी घ्या, शाळेची, गोदामाची, बंगल्याची. कोरलेला हस्त कुंडी टांगायला लावलेला मी पाहिलाय.

निळीशाई
दांडियाबाजार, पटलं. कोरीव काही घेणार नाही. तसंही बारा बाय सोळाच्या खोलीला वाड्याचा दरवाजा लावला तर ती नाटकाच्या सेटसारखी दिसेल.

लष्करी_बाणा
ग्वाल्हेरहून रामराम. आमच्या लष्कर भागात जुन्या घरांवर ना पत्रा ना कौल. लोखंडी गर्डर टाकायचे, त्यावर वाळूच्या दगडाच्या पट्ट्या अंथरायच्या, सांधे भरून वर चुना. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी दुपारी खाली बरं असतं. रात्री मात्र तो दगड दिवसभराची उष्णता परत करत बसतो, म्हणून सगळे गच्चीवर.

तुमच्याकडे दगड आणायचं भाडंच अंगावर येईल. पण तत्त्व घ्या : दिवसा काम करणार असाल तर छप्पर जड किंवा दुहेरी हवं. एकेरी पत्रा म्हणजे तवा, आणि खाली तुम्ही पोळी.

यंत्रमानव
एवढी उठाठेव कशाला? वीस फुटी कंटेनर आणा, खिडकी कापा, झालं. मकरपुऱ्यात वेल्डर पाहिजे तेवढे मिळतील.

चुनखडी
कंटेनर आतून पावणेआठ फूट रुंद. उष्णतारोधक अस्तर लावल्यावर सव्वासात. त्यात छपाईचं यंत्र ठेवलं की ताईंनी बाहेर उभं राहून हँडल फिरवायचं. शिवाय मांजलपूरच्या गल्लीत क्रेन वळवून दाखवा.

यंत्रमानव
माघार.

तावदान
उजेडाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. चित्रकाराच्या खोलीला उत्तरेचा उजेड हवा असं आम्ही इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजला असल्यापासून ऐकतोय. बरोबर आहे, पण ते शास्त्र युरोपातून आलं. तिकडे सूर्य दुपारी कधीच उत्तरेला जात नाही. बडोदं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, साधारण २२.३ अंशांवर. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी बाराला सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. २१ जूनला तो उगवतोच मुळी पूर्वेपासून २५ अंश उत्तरेकडे सरकून. मार्च ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळची तिरकी किरणं उत्तरेच्या खिडकीतून आत येतात आणि शाईच्या पाटीवर चकाकतात.

माझ्या पहिल्या खोलीत मी हीच चूक केली. उत्तरेला मोठी काच, वर दोन फुटी छज्जा. छज्जा काही कामाचा नाही, कारण किरणं वरून येतच नाहीत, बाजूने येतात. उत्तरेला उभ्या फळ्या लागतात, खिडकीच्या दोन्ही कडांना, पुस्तकाच्या पानांसारख्या बाहेर आलेल्या.

दक्षिणेचं गणित उलटं आणि सोपं. डिसेंबरात दुपारी सूर्य इथे ४४ अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा जेमतेम दोन फूट सावली देतो, मार्चात मात्र जवळजवळ पाच फूट. म्हणजे थंडीत ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर. पश्चिमेला खिडकीच नको. तिथे कपाट, कागदाचे कप्पे, आणि बाहेरून एखादा वेल.

लष्करी_बाणा, ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तुमची दुपार वाचते. सकाळ-संध्याकाळ मात्र तुम्हालाही भोगावी लागते.

लष्करी_बाणा
तिसावं वर्ष या घरात आणि आज कळलं की बैठकीत मे महिन्यात सकाळी डोळ्यांवर ऊन का येतं. बायको म्हणाली, "मी सांगत होते पडदा लावा, त्याला कर्कवृत्त कशाला?"

राजवाड्यामागे
अवांतर : फाइन आर्ट्सचा विषय निघालाच आहे तर नोंद असू द्या, १९५० मध्ये तिथे चित्रकला शिकवायला आलेले ना. श्री. बेंद्रे जन्माने इंदूरचे. बडोद्याने आमच्याकडून नेले.

शेवउसळ_डबल_तर्री
परत देणार नाही. बदल्यात शेवउसळ घ्या.

राजवाड्यामागे
पोह्यांवर जिरावण (आमचा इंदुरी मसाला) टाकून खाणाऱ्या माणसाला शेवउसळीचं आमिष? धागा बंद करा रे.

भाडेकरू_७
मी सातव्या मजल्यावर, दोन खोल्यांत. हा धागा रोज रात्री झोपण्याआधी वाचतो. माझ्याकडे चार बाय सहाची बाल्कनी आहे आणि तिच्यात वॉशिंग मशीन. पुढचं लिहा लवकर.

निळीशाई
तीन रविवार गेले. प्रगती अशी : पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, एका फुटाला एक इंच. अंगणात नेमक्या दिशेला ठेवून सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला मोबाइलने आतले फोटो काढले. तावदान म्हणतात तस्सं निघालं. उत्तरेच्या भोकाला पुठ्ठ्याच्या दोन उभ्या पट्ट्या चिकटवल्या आणि संध्याकाळचं ऊन टेबलावरून गेलं. मुलगा यासाठी दोनदा आठ वाजता उठला, ही खरी बातमी.

सुतारपक्ष्यांचं ऐकून खिडक्याही आणल्या. एका बंद पडलेल्या शाळेच्या. तीन जोड्या, सागाच्या, एकीच्या चौकटीवर कंपासच्या टोकाने "सर झोपले" असं कोरलेलं आहे. ती पॉलिश करणार नाही.

आता भिंत. वीट साधी लावू की सिमेंटचे ठोकळे?

चुनखडी
वीट, पण 'रॅट-ट्रॅप' (उंदराचा सापळा) बांधणीत. केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी ही लोकप्रिय केली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची. नऊ इंची भिंतीत दोन बाजूंना तीन-तीन इंचाच्या विटा आणि मध्ये तीन इंचाची पोकळी राहते. विटा सुमारे चतुर्थांश वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. बाहेरून गिलावा करू नका, नक्षी आपोआप दिसते. जोत्यालगतचा, खिडकीखालचा आणि छपराखालचा थर मात्र भरीव हवा, नाहीतर नावाप्रमाणे उंदीर येऊन राहतील. अडचण एकच, कडियाने आधी केलेलं नसतं. पहिल्या दिवशी समोर उभं राहून चार थर लावून घ्या. पाचव्यापासून तो तुम्हालाच शिकवायला लागेल.

कौलारू
वाखु (वाचनखूण) साठवली. पण मूळ प्रश्नाचं काय? पत्रा की कौलं?

शेवउसळ_डबल_तर्री
कौलारू भाऊ अजून काचेच्या कौलाखालीच बसलेत.

निळीशाई
सात महिन्यांनी येतेय, माफ करा. यंत्र आत गेलं. परवा पहिला ठसा काढला.

आधी खर्च सांगते, कारण निरोपांत सगळे तेच विचारतायत. पाया आणि जोतं अठ्ठ्याहत्तर हजार. काकांचे सहा पाइल इंजिनिअरने जसेच्या तसे मान्य केले, अडीच फूट जोतं पाणीपातळी ताईंमुळे. भिंती चौसष्ट, छप्पर एकाहत्तर, खिडक्या-दार बावीस, वीज आणि पंखा एकोणीस, रंग, नकाशा आणि सटरफटर तेहेतीस. एकूण दोन लाख सत्त्याऐंशी हजार. बजेट सदतीस हजारांनी चुकलं. जमिनीखाली जे गाडलंय त्यातला एक रुपयाही दिसत नाही, म्हणून अहो दर रविवारी जोत्याकडे बघून उसासा टाकतात.

"स्वतः बांधलं" हे अर्धवट खरं. पाइल, विटा आणि वेल्डिंग आमचं नाही. खिडक्या खरवडणं, दार जोडणं, रीपा ठोकणं, कौलं चढवणं, चुना लावणं, फरशी, हे आमचं. एका जागी माझी पातळी चुकली आणि दार आपोआप उघडतं. सासूबाईंनी त्याला दोरी बांधली आहे. माझ्या मनातल्या चित्रात ही दोरी नव्हती.

कौलारू, तुमचं उत्तर : दोन्ही. वेल्डरच्या सांगाड्यावर आधी साधा पत्रा, त्यावर रीपा आणि रीपांवर जुनी मंगळुरी कौलं, सव्वातीनशे लागली. मधल्या फटीतून गरम हवा आढ्याकडून निघून जाते. पाऊस पत्र्यावर थेट पडत नाही म्हणून ढोलताशाही नाही. काचेचं कौलही लावलं, खाली तेवढा पत्रा कापून जाड पारदर्शक शीट टाकली. ते थोडं गळतं. बादली ठेवते.

आणि हो, वानरं आली. आंब्याला मोहोर यायच्या आधीच. पहिल्याच दिवशी नऊ कौलं फुटली, पण खाली पत्रा असल्यामुळे आत थेंबही नाही. चाळीस जादा कौलं आणून ठेवली आहेत, मुलगा शिडीवर चढून बदलतो.

शेवउसळ_डबल_तर्री
पहिल्याच प्रतिसादात "दोन्हींचा खर्च धरून चला" असं कोणी लिहिलं होतं, हे आठवतं का कोणाला?

कौलारू
बादलीची जागा सांगा. दुपारी कवडसा बादलीत पडतो का?

निळीशाई
साडेतीनला, दहा मिनिटं. सासूबाई तेव्हाच चहाला हाक मारतात. त्यांना तुमच्या आजीबद्दल मी काही सांगितलं नव्हतं.

चुनखडी
फरसबंदी झाली का?

निळीशाई
दोन बाजूंची झाली. उरलेल्या दोन...

चुनखडी
मेअखेर पुरी करा. १५ जूनला मी विचारणार आहे.

भाडेकरू_७
वॉशिंग मशीन बाथरूममध्ये हलवलं. बाल्कनी आता चार बाय सहा मोकळी. तोंड वायव्येला आहे. तावदान, उभी फळी कुठल्या बाजूला लावू?